आईला वाचून दाखवलेला शेवट

मोड आलेल्या वालांचा उग्र वास आला की मला सापगावचं आमचं घर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई बिरड्यासाठी वाल सोलायची आणि मी तिला शहापूरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचून दाखवायची, कारण तिला अक्षरओळख नव्हती. त्या कादंबरीतली बाई शेवटी बाळंतपणात दगावते. तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, शेजारीच बसून ऐकत होती. म्हणून शेवटचं पान मी मनानेच रचून वाचलं. बाई जगली, मुलगी झाली. पुढे ताईही सुखरूप सुटली. दोन वर्षांनी त्याच कादंबरीवरचा सिनेमा शेजारच्यांच्या टीव्हीवर लागला. शेवटी बाई गेली, तशी आई सगळ्यांसमोर चिडली. "पुस्तकात ती मरत नाय! आमी ऐकलंय ना. या लोकांनी कशाला मारली गो तिला?" एरवी एक प्रसंग गाळला तरी सिनेमावाल्यांवर तुटून पडणारी मी, तेव्हा म्हणाले, "पार वाट लावली बघ पुस्तकाची." आईला खरं सांगायचं राहूनच गेलं. आता कुणी सिनेमाने कादंबरी बिघडवली म्हणून तावातावाने बोलू लागलं, की मी मुकाट्याने वाल सोलत बसते.