दुसरी हाक

सेवाग्रामच्या दवाखान्यात मी रोज पायाच्या ड्रेसिंगला जायचो, तेव्हा बाकावर शेजारी एक म्हातारा इंग्रज असे. सिस्टरनं त्याचं आडनाव पुकारलं, तरी तो टोपी मांडीवर धरून बसून राही आणि दुसऱ्या हाकेला उठे. मला वाटलं, बहिरा असेल.

“काऊन उठत नाई हो तुमी?” आंजीहून येणाऱ्या आजीनं एकदा विचारलंच.

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “हे आडनाव म्हणजे आमच्या गावाचं नाव. गाव धरणात गेलं. बहीण वारल्यावर या आडनावाचा मी एकटाच उरलो. दोनदा ऐकलं की बरं वाटतं.”

सोमवारी त्याची जागा रिकामी होती. सिस्टरनं आडनाव पुकारलं. कोणी उठलं नाही.

आजी म्हणाली, “बाई, अजून एक डाव पुकारजो.”