मध्यंतरानंतर न आलेला

आईने आयुष्यात मला एकदाच सिनेमाला पाठवलं. एरवी सिनेमाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण मासळीबाजारात तिच्या शेजारी बसणारीने सांगितलं होतं की वाया गेलेल्या कॉलेजच्या पोरांचा सिनेमा लागलाय, आणि त्यात एक पोरगा आपल्यातला, कोळ्याचा आहे.

आमचा दादा तेव्हा घर सोडून गेला होता. ठाण्याच्या खाडीत कारखान्यांचं पाणी शिरलं, मासळी संपत चालली, होडीवर जाण्यात अर्थ उरला नाही. मग कल्याणच्या एका टोळक्यात तो रमला. मारामाऱ्या झाल्या, बाबा नको ते बोलले आणि तो गेला तो गेलाच.

“बघून ये गो, त्या पोराचं काय व्हतं,” आई म्हणाली.

नौपाड्यातल्या दोन वर्गमैत्रिणींबरोबर मी गेले. सिनेमात तिघे मित्र होते. डॉक्टरचा मुलगा, वकिलाचा मुलगा आणि आमचा. आमचा म्हणजे कॉलेजातही कमरेला रुमाल नि डोक्याला लाल टोपी! हा वेष आम्ही नाचाला काढतो. दादाला तर पँटची इस्त्री मोडलेली खपायची नाही. बाकी दोघांच्या बिघडण्याला कारणं होती. एकाचा बाप कडक, दुसऱ्याची आई गेलेली. आमचा मात्र सुरी घेऊनच जन्माला आलेला. मला संताप आला. तरी त्याच्यावरून नजर हलवली नाही, कारण आईला उत्तर द्यायचं होतं.

मध्यंतराच्या आधी तो पोलिसांना चुकवून पळाला. मध्यंतरानंतर आलाच नाही. डॉक्टरचा मुलगा रडला, सुधारला, पहिल्या वर्गात पास झाला. वकिलाच्या मुलाचं लग्न लागलं. निदान लग्नाला तरी येईल म्हणून मी वाट बघत राहिले, तोवर थिएटरातले दिवे लागले.

मैत्रिणींचे डोळे रडून लाल झालेले. “अगदी माझ्या मामेभावाची गोष्ट गं,” एक म्हणाली.

“आणि त्या तिसऱ्याचं काय झालं?”

“कोण तिसरा?”

“कोळ्याचा.”

“अगं हो, तो होता नाही का!” म्हणत दोघी वडापावच्या गाडीकडे वळल्या. दादा गेला त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आई दारातच बसली होती. खोटं सांगणं जिवावर आलं. “दाखवलंच नाही गं. मध्येच सोडून दिलाय त्याला.”

आई मग म्हणाली, “मेला नाय ना दाखवला? मंग येल.” आणि उठून तिने रोजच्यासारखं दादाच्या वाटणीचं कालवण झाकून ठेवलं.

दादा आला नाही. काही वर्षांनी आई गेली. त्याच्या मरणाची मात्र कधी खबर आली नाही. परवा भावकीतल्या एका लग्नात मी त्याचा विषय काढला. शेजारची बाई जरा आठवून म्हणाली, “हाव गो, तो व्हता नाय का!”