मच्छरदाणीची थैली

किराणा दुकानदाराला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. काउंटरवर कोपर टेकून उभं राहिलं की ते आपोआप साचतात, दाराआडच्या खिळ्यावर थैल्या साचतात तसे. त्यातून माझा स्वभाव संशयी. बायको म्हणते, "तुमी प्रसादाचंही वजन करून पाहाल." पाहीनही. हे सगळे किस्से गडचिरोलीतल्या माझ्या दुकानात मी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, देणं बंद केलं, त्यानंतरचे.

*

पन्नीचा एक मोठा गुण होता. आरपार दिसायची. कोणाकडे महागाची बिस्किटं गेली, म्हणजे कोणाकडे पाहुणे आले, हे गल्लीला बसल्या जागी कळायचं. कापडी थैली आली आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

सगळ्यांत जास्त घोर लागला कौसल्याबाईंना. त्यांचे यजमान वामनभाऊ, रिटायर बस कंडक्टर. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दिवाळीत दारू सोडली होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण वैनगंगा ओलांडली की मोकळं रान. आणि मुलगी सपना दिलेली नेमकी पलीकडे, मूल गावाला. वामनभाऊ दर रविवारी तिला भेटायला जायचे आणि येताना हातात काहीतरी असायचंच.

"पन्नी होती तवा मले खिडकीतूनच दिसे," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता थैलीत काय आहे, कसं समजन? भाऊ, मले एक पन्नी दे ना."

एकाला दिली की सगळे मागणार. मी नाही दिली.

*

आमच्या गल्लीतले रिटायर मास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. गुरुजी पहिल्याच दिवशी स्टीलचा डबा घेऊन आले.

"आधी रिकामा मोज."

मोजला. गूळ भरला, झाकण लावलं, पुन्हा काट्यावर ठेवला. गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "रिकामा मोजला तवा झाकण खाली होतं. आता वर आहे. झाकणाएवढा माहा गूळ कुठी गेला?"

चूक माझीच होती. मी गूळ वाढवला आणि विषय बदलावा म्हणून म्हटलं, "पाहा गुरुजी, दुकानातून पन्नी पार हद्दपार केली."

"आन् तुह्या खिशात काय आहे?"

खिशात माझा सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. तो पन्नीतच घोटतात, पन्नीतच बांधतात.

*

माझी बायको सुषमा गल्लीतून जुने कपडे गोळा करून थैल्या शिवायची. एक दिवस गल्लीतल्याच बेबीबाई दुकानात आल्या आणि समोरच्या बाईच्या हातातल्या चौकड्याच्या थैलीकडे बघतच राहिल्या. थैलीला खिसा होता आणि खिशावर शाईचा डाग.

"हा आमच्या यायचा शर्ट तुमच्या घरी काऊन आला?"

तो शर्ट बेबीबाईंच्या नवऱ्यानं परस्पर सुषमाला देऊन टाकला होता, पण ऐकतंय कोण? शेवटी सुषमानं मशीनखालची टोपली उपडी केली आणि त्याच शर्टाची कापलेली बाही दाखवली, तेव्हा कुठे दोघींचं भांडण मिटलं. तरी बेबीबाईंनी घरी जाऊन उरलेले शर्ट मोजले म्हणे.

*

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावाहून एक मावशी चारोळी घेऊन येते. पळसाच्या पानांचा पुडा, वरून वेलीची गाठ. मी पुडा सोडला, तळाशी खडे आहेत का पाहिलं, पानं वेगळी मोजली. मावशी शांतपणे बघत होती.

"आमी पन्नी घेतलीच कवा," ती म्हणाली. "पानं ठेव तुह्यापाशी. कामी येतीन."

संध्याकाळी थैल्या संपल्या. गुळाचा पुडा त्याच पानांत बांधला. गाठ मात्र मला जमली नाही, सुतळीच घ्यावी लागली.

*

तिकडे कौसल्याबाईंनी स्वतःच तोडगा काढला. मलेरियाच्या दिवसांत मिळालेली एक फाटकी मच्छरदाणी घरात होती. त्यांनी सुषमाकडून तिची थैली शिवून घेतली. आरपार!

पुढच्या रविवारी वामनभाऊ ती थैली घेऊन बसमधून उतरले. वांगी, लाखोळीची डाळ, सपनानं दिलेला डबा आणि स्वतःची धुतलेली बनियन, सगळं गल्लीनं पाहिलं.

"वामनभाऊ, बनियन वाळली का?" कोणीतरी विचारलंच.

ते माझ्या काउंटरशी येऊन थांबले. "आयुष्यभर लोकायच्या तिकिटा तपासल्या मी. आता माही तपासणी चालू आहे."

मला फार वाईट वाटलं. तरी नजर डब्याकडे गेलीच. डबा स्टीलचा होता, आतलं दिसत नव्हतं.

उन्हाळाभर वामनभाऊंनी तीच थैली नेली. पुन्हा एका शब्दानं कुरकुर केली नाही.

*

परवा कौसल्याबाई वामनभाऊंची ड्युटीची जुनी खाकी पँट घेऊन आल्या. "सुषमा, याची थैली शिव. आन् तोंडाले चेन लाव."

"चेन? मंग तुमाले दिसन कसं?"

"तू शिव."

रविवारी सकाळी वामनभाऊंनी खाकी थैली हातात घेतली, चेन दोनदा उघडून लावून पाहिली आणि निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा थैली चांगली फुगली होती. मी काउंटर सोडून रस्त्यावर आलो. गुरुजी दारात होते, बेबीबाई खिडकीत. कौसल्याबाई ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. वामनभाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि चेन उघडू लागले. बाईंनी चेनवर हात ठेवला.

"राहू द्या. हातपाय धुवा, जेवाले बसा."

थैली त्यांनी आत नेऊन दाराजवळच्या खुंटीला अडकवली. माझ्या दुकानातून ती खुंटी सरळ दिसते. मी बराच वेळ बघत होतो. थैली खालच्या बाजूला जरा लांबट फुगलेली होती.

दुधी भोपळा असेल.