पोपटरावांची पाठ आणि नवा कंडक्टर

पोपटराव भोईट्यांच्या पाठीत कॉम्प्युटर बसवलाय आणि नव्याण्णव साल संपलं की तो बंद पडून पोपटराव आहेत तसे आखडणार, ही बातमी डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या आवडाबाईंनी सोडली. एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर गडबडणार असं पेपरातच येत होतं, त्यामुळे बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. खरं एवढंच, की पोपटरावांच्या पाठीत स्क्रू आहेत. कॉम्प्युटर इस्पितळातच राहिला. त्याने फक्त स्क्रूंना वाट दाखवली.

पोपटराव एसटीचे ड्रायव्हर, डेपो ठाण्याचा खोपट. बायको मालनबाईंपेक्षा गिअरच्या दांड्याशी जास्त बोलणारा माणूस. वर्षानुवर्षं त्या सीटवर आदळून कमरेतला एक मणका पुढे सरकला, आणि एक दिवस माजिवड्याला डाव्या पायाला क्लच कळेनासा झाला. दाबलाय की सुटलाय, पत्ता नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि कंडक्टर दामाजीला म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर मागव. हा पाय माझा राहिला नाय." डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. दुसऱ्यांच्या हातून सुटणाऱ्या गाड्या बघत बसायचं. भाकरी गोड लागेना. त्यांना परत सीटवर बसायचं होतं, बाकी देवाकडेही मागणं नव्हतं.

मुंबईच्या एका इस्पितळात डॉक्टर उत्तरा म्हणून बाई होत्या, त्यांच्याकडे हे वाट दाखवणारं मशीन नुकतंच आलं होतं. सरकलेला मणका स्क्रूंनी जखडायचा होता. मणक्याचे फोटो आधी कॉम्प्युटरात भरायचे, ऑपरेशनच्या वेळी हाडाला एक खूण अडकवायची, मग हत्यार आत कुठे चाललंय ते पडद्यावर दिसतं, असं त्यांनी समजावलं. मालनबाईंनी देवाचं नाव घेतलं. पोपटरावांनी वेगळंच विचारलं.

"म्हणजे तुम्ही बघणार टीव्हीत, आणि हात माझ्या पाठीत. मग स्टिअरिंग कोणाकडं?"

"माझ्याकडे, काका. मशीन नुसतं सांगतं, जरा डावीकडे, आता बस."

पोपटरावांनी सोबत आलेल्या दामाजीकडे पाहिलं. "म्हणजे हा. रिव्हर्स घेताना मागं पत्रा बडवतो तो."

"बडवत नाय, सांगतो मी," दामाजी फुरंगटला.

"भिवंडी स्टँडवर सांगितलंस तसं? तोंडानं 'येऊ द्या, येऊ द्या', आणि डोळे भजीच्या गाडीवर. अख्खा बंपर गेला." मग बाईंकडे वळून, "ह्या मशीनचं लक्ष भज्यांवर गेलं, तर?"

बाई हसल्या नाहीत. "जाऊ शकतं. खुणेला धक्का लागला की पडद्यावरचं चित्र सरकतं. म्हणून मी मधेमधे ओळखीच्या हाडावर टोक टेकवून बघते. पडद्यावर तेच हाड दिसलं तर पुढे. नाहीतर थांबते."

"थांबता? गाडी अर्ध्यात असताना?"

"अर्ध्यात असताना. पुन्हा पहिल्यापासून जुळवते."

चालवणारे पोपटरावांनी रग्गड पाहिले होते. थांबणारे कमी.

"मग घ्या मागं," ते म्हणाले.

ऑपरेशन सांगितल्यापेक्षा लांबलं. दामाजी व्हरांड्यात एकही विनोद न करता बसला होता, यावरून काय ते ओळखा. बाई बाहेर आल्या तशा मालनबाई पुढे झाल्या. "मधे चित्र जुळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "थांबले, परत जुळवलं. म्हणून उशीर. आता ते पायाची बोटं हलवतायत."

पाय परतायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. पट्टा बांधून पोपटराव गच्चीवर चालत, आणि आवडाबाई खालून जिन्यातल्या पावलांचा आवाज ऐकून बातमी सुधारत. डिसेंबरात एसटीच्या मोठ्या डॉक्टरांनी फिट असल्याचा कागद दिला आणि डेपोत रिकाम्या गाडीवर परीक्षा ठरली. क्लच दाबला. पायाला कळला. मग रिव्हर्स. मागून दामाजी ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या." पोपटरावांनी अर्ध्यात गाडी थांबवली, खाली उतरले, सावकाश मागे जाऊन स्वतः बघून आले, आणि मग उरलेली घेतली. दामाजी आठवडाभर रुसला. साहेबांनी मात्र ड्यूटी लावली.

त्याच संध्याकाळी पोपटराव खाकीत घरी आले. जिन्यात आवडाबाई वाट अडवून उभ्याच. "भावजी, ड्यूटीचं बरं झालं हो. पण एकतीस तारखेला रात्री बारा वाजता तुम्ही बंद पडलात, तर आम्ही काय करायचं?"

पोपटराव म्हणाले, "चौघीजणी मिळून मागून धक्का मारा. आमची गाडी तशीच चालू होते."