घोडबंदरला मी बांधलेला किल्ला

सव्विसाव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल जेवढं चांगलं वाटू शकतं, त्याहून थोडं जास्तच मला वाटायचं. अंधेरीला एका कंपनीत कारकून होतो, बोरिवलीला आईवडिलांकडे राहत होतो आणि कंपनीच्या दिवाळी अंकात लिहीत होतो. अंक सायक्लोस्टाइल केलेला असायचा, शाई हाताला लागायची. तरी अंक हातात आला की मी आधी अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव बघायचो आणि मग कुणी आपल्याकडे बघतंय का, ते बघायचो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी मी घोडबंदरच्या किल्ल्यावर लेख लिहिला. उल्हास नदी समुद्राला मिळायला निघते तिथे, खाडीच्या काठावर हे जुनं गाव. वर टेकाडावर पोर्तुगिजांच्या वेळचा पडका किल्ला. बोरिवलीहून जायला एक तास पुरे. मी गेलो नव्हतो. रविवारी दुपारी झोपायचं हा माझा एकुलता एक छंद होता आणि त्यात मला खंड पाडायचा नव्हता. पार्ल्याच्या वाचनालयातल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकात या किल्ल्याबद्दल दीड पान मजकूर होता, तो उतरवून घेतला. पण दीड पानात किल्ला कसा मावणार? म्हणून मी घोडबंदरला सह्याद्रीतून चार बुरूज आणून दिले, कोकणातून एक हत्तीदरवाजा आणला आणि पायथ्यापासून खाडीखालून थेट वसईपर्यंत भुयार खणलं. भुयारात शेवाळाचा वास होता. पाण्याचा ठिबक ठिबक आवाजही होता. लेख फारच रंगला.

दिवाळीनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब पार्ल्याचे, शांत, पुस्तकं वाचणारे.

"अहो, ते भुयार अजून आहे?"

"आहे म्हणजे... आहेच की."

"आत जाता येतं?"

"थोडं वाकावं लागतं," मी म्हणालो. हे का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही.

"छान! आमच्या बाईसाहेबांना मी लेख वाचून दाखवला. त्या म्हणतात, बघायचाच. येत्या रविवारी गाडी काढतो. तुम्ही आम्हाला हिंडवून आणा."

आमच्या ऑफिसात एक वयस्कर शिपाई होते. पन्नाशी उलटलेली, मालाडला खोली. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते त्या वेळी चहा ठेवायला आत आले होते. साहेब त्यांना म्हणाले, "मामा, तुम्हीही चला. डबे, चटया, पाण्याचा कूलर, एवढं सगळं उचलायला कुणीतरी हवं."

बाहेर आल्यावर मामा माझ्या टेबलाशी घुटमळले. "भाऊ, घोडबंदरला चाललोय ना आपण? तिथं ना..."

"मामा," मी म्हणालो, "आत्ता नको. डोकं चालत नाहीये." ते गेले.

आपली वाट लागणार हे मला कळत होतं. शनिवारी अर्धा दिवस असायचा, तेव्हा एकट्याने आधी जाऊन किल्ला बघून यायचं असं मी ठरवलं. पण नेमके शनिवारीच मुलीकडचे मला बघायला येणार होते. आले, पोहे खाल्ले, माझ्या लेखनाबद्दल मीच त्यांना माहिती दिली, आणि कळवतो म्हणून गेले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

रविवारी सकाळी साहेबांची फियाट आली. मागच्या सीटवर बाईसाहेब, पुढे साहेब. मामांना मालाडला घेतलेलं होतं, ते मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन कडेला बसले होते. मला बोरिवलीला हायवेवर उचललं. बाईसाहेबांच्या हातात तो दिवाळी अंक होता. लेखात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

दहिसर मागे पडलं, काशीमिऱ्याला उजवीकडे वळलो. मी रस्ताभर बोलत होतो. अरबी घोडे जहाजातून कसे उतरायचे, त्यांच्या टापांनी बंदर कसं दणाणायचं. तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, इथून डावीकडे घ्या. गाव इकडे आहे."

"मामा, हत्तीदरवाजा पुढच्या बाजूला आहे," मी म्हणालो.

"पुढं रेती काढतात, भाऊ. गाडी रुतेल."

साहेबांनी डावीकडे घेतलं. खाडी दिसली. संथ, मातकट पाणी, काठाने तिवरांची दाटी, रेतीने भरलेल्या दोन होड्या. अंगणांत जवळा वाळत घातलेला. बाईसाहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि लगेच, बरं दिसणार नाही म्हणून, खाली घेतला. गाडी थांबली तर एका दारातून एक म्हातारी बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओरडली, "अगं, बघ कोण आलाय! किती दिवसांनी रे बाबा!"

मला क्षणभर वाटलं, लेख इथपर्यंत पोचला. पण ती सरळ मामांकडे गेली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

ती मामांची काकू होती. मामा या गावचे. इथे जन्मले, इथे वाढले, नोकरीसाठी मालाडला राहायला गेले. मी तीन वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत होतो आणि माझा लेख त्यांनीच स्टेपल मारून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवला होता.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे आपल्याकडे दोन दोन जाणकार!"

मला तिथेच रेतीच्या होडीत बसून वसईला निघून जावंसं वाटलं.

आम्ही टेकाडावर चढलो. चढायला पाच मिनिटं लागली. माझ्या लेखात मावळ्यांची दमछाक झाली होती. वर काळ्या दगडांच्या भिंती, चुना सुटलेला, फटींतून पिंपळाची मुळं. कमानीच्या छताच्या दोन-तीन खोल्या, त्यांत गवत. फार सुंदर होतं खरं तर, पण मला ते दिसत नव्हतं. मी बुरूज शोधत होतो. बाईसाहेब अंक उघडून उभ्या होत्या.

"चार बुरूज म्हटलंय तुम्ही. हा एक दिसतो."

"बाकीचे... काळाच्या ओघात," मी म्हणालो.

"आणि हत्तीदरवाजा?"

मी मोघम समुद्राच्या दिशेला हात केला. त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग साहेबांनी उत्साहाने हात चोळले. "चला, आता भुयार!"

मी भिंतीच्या कडेकडेने चालू लागलो. देवाने कुठेतरी एखादं भोक ठेवलं असेल अशी आशा होती. आणि होतं. भिंतीच्या बुडाशी, कंबरेएवढी, काळीकुट्ट कमान. मला इतका आनंद झाला की मी विचार न करता "हेच ते!" म्हणून ओरडलो आणि वाकून आत शिरलो.

चार पावलं गेलो असेन. मग अंधारात माझ्या छातीवर काहीतरी फडफडत येऊन आदळलं. दुसरं डोक्यावर. मोठ्ठा कलकलाट झाला. मी पाठमोराच बाहेर पडलो तेव्हा माझ्या केसांत पिसं होती, पँटच्या गुडघ्यांना जे लागलं होतं ते शेवाळ नव्हतं, आणि माझ्यामागून तीन कोंबड्या तावातावाने बाहेर आल्या. कुणीतरी तिथे खुराडं केलं होतं.

बाईसाहेबांच्या हातातली पेन्सिल तशीच होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग अंकाकडे, मग कमानीकडे. आता ते विचारणार, हे मला दिसलं.

"कोंबड्या आता आणल्यात, साहेब," मामा मागून म्हणाले. डब्यांची पिशवी खाली ठेवून ते पुढे आले. "भुयार इथंच होतं. आम्ही लहान असताना एक रेडकू आत गेलं ते परत आलं नाही. मग गावाने दगड टाकून बुजवलं. भाऊंनी लिहिलंय ते बरोबर आहे."

"पाहिलंत?" साहेब बाईसाहेबांना म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्यावरचा पंचा मला दिला आणि म्हणाले, "खाली विहीर आहे. तोंड धुवून घ्या, भाऊ."

जेवण काकूंच्या ओटीवर झालं. साहेबांकडच्या पुऱ्या उघडल्या, पण काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण पुढे ठेवलं, आणि मग पुऱ्यांना कुणी हात लावला नाही. बाईसाहेबांनी दोनदा वाढून घेतलं. मला घास उतरत नव्हता, तरी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सोमवारी ऑफिसात मी मामांना जिन्यात गाठलं. "मामा, काल तुम्ही खोटं का बोललात?"

"मग काय करू? गावात आलेल्या पाहुण्याची फजिती करायची?"

"पण ते रेडकू?"

"ते आजी सांगायची. आम्ही पोरं दोन वर्षं शोधत होतो भुयार. सापडलं नाही." ते जरा थांबले. "तुम्ही लिहिलंत ते मी घरी वाचलं. शेवाळाचा वास वगैरे. म्हटलं, यांना सापडलं की काय."

हे ते चेष्टेने म्हणाले नव्हते. मी लेख लिहिताना एक क्षणही असा विचार केला नव्हता की हे कुणीतरी खरं मानून, बघायला जाईल. तेही ज्याचं ते गाव आहे असा माणूस.

त्यानंतरचे पाच-सहा रविवार मी झोपलो नाही. मामांबरोबर घोडबंदरला गेलो. त्यांनी मला गाव दाखवलं. किल्ल्याचे बुरूज कुठे गेले ते कळलं. घरोघरच्या जोत्यांत ते होते. काकूंच्या मागीलदारी कपडे धुवायचा दगड होता, त्याच्या एका कडेला वेलबुट्टी कोरलेली. वर टेकाडावर गोऱ्या साहेबाचा बंगला होता तेव्हा मामांचे आजोबा तिथे पाणी भरायचे. साहेबाची बायको आजारी पडली तेव्हा आजीने तिला कसला तरी काढा दिला. ती बरी झाली की नाही, यावर घरात दोन मतं होती. मी सगळं लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसत होतो. हे जमायला दोन रविवार गेले.

पुढच्या दिवाळीला मी नवा लेख दिला. पहिल्या लेखातले बुरूज, दरवाजा, भुयार माझ्या मनचे होते, हेही त्यात स्पष्ट कबूल केलं. आपण केवढे मोठे, केवढे प्रामाणिक, या विचाराने माझे डोळे भरून आले होते.

अंकाच्या समितीने लेख परत केला. वर शेरा होता: "गेल्या वर्षीसारखा रंगलेला नाही. कपडे धुवायच्या दगडाबद्दल फार आहे."

मी संतापलो. राजीनामा द्यायचं ठरवलं, मग जेवणाची सुट्टी संपली म्हणून जागेवर येऊन बसलो. मामांनी टेबलावरची पानं पाहिली.

"घरी नेऊ?"

नेली. आठवडाभराने परत आणली. काकूंना वाचून दाखवली होती. पानांच्या कडेला मामांच्या अक्षरात तीन दुरुस्त्या होत्या. एका विहिरीची दिशा चुकली होती. निवट्यांच्या कालवणात मी कोकम लिहिलं होतं, तिथे चिंच हवी होती. आणि तिसरी काकूंची खास होती: त्या आमच्या गाडीला बघून ओरडत बाहेर आल्या असं मी लिहिलं होतं, तर त्या ओरडल्या नव्हत्या, त्यांचा आवाजच तसा आहे.