बारशाच्या रविवारी

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी घरातली सगळी माणसं एसटीनं सांगलीला बारशाला गेली आणि मी सर्दीमुळं मागं राहिले. नणंदेला तिच्या सासरी दुसरं बाळ झालं होतं. सकाळी चुलीपुढं बसले असताना मला शिंका आल्या, तशा सासूबाई म्हणाल्या, "तुजं नाक लय गळतंय. तान्ह्या लेकराच्या घरी नगंच. तू ऱ्हा घरी."

"व्हय, आत्ती," मी म्हणाले.

मी नेसायला काढलेलं लुगडं जाऊबाईंनी माझ्याकडं न बघताच घडी घालून पेटीत ठेवलं. सर्दी काही इतकी मोठी नव्हती. पण ती सगळ्यांच्या सोयीची होती, माझ्याही. जिचं लेकरू नुकतं गेलंय तिला दुसरीच्या पाळण्याजवळ उभं कसं करायचं, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

माझी मुलगी थंडीच्या सुरुवातीला गेली. रात्रभर तिची छाती घरघरत होती. उजाडताच आम्ही गाडी जुंपली, पण शिराळ्याचा दवाखाना यायच्या आधीच ती माझ्या मांडीवर गार झाली. दोन्ही बाजूंना उसाचे फड होते. गाडी तिथूनच मागं वळवली.

पाकिस्तानच्या लढाईचं ते वर्ष. तिचे वडील पलटणीत होते. "मी आल्याबिगर बारसं करू नका," असा त्यांचा निरोप होता. लढाई थांबली तरी पलटण सरहद्दीवरच राहिली, सुट्टी मिळेना. आम्ही वाट बघत राहिलो. घरात सगळे तिला छकुली म्हणत, आणि ती नावाशिवायच गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "तरणी हायस, हुतील आनिक." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यो तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय. घरात रडनं चांगलं न्हाई." मलाही ते पटलं. मी रडले नाही.

सगळी गेल्यावर मी गवती चहा आणि आलं घालून काढा उकळला आणि सोप्यात उन्हाला येऊन बसले. लग्न होऊन आल्यापासून हे घर मी रिकामं असं कधी पाहिलंच नव्हतं. म्हशीचं रवंथ करणं तेवढं ऐकू येत होतं. काढा पिता पिता मनात आलं, आता सांगलीत पाळणा सजवत असतील. पेला हातातच राहिला. उठून आत गेले, दार लोटलं आणि उतरंडीला टेकून मोठ्यानं रडले. आवाज दाबायचं कारणच नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"सूनबाई, ताक हाय का गं वाईच?"

शेजारची म्हातारी. एकटी राहायची, कानानं कमी होती. दार ढकलून ती तांब्या घेऊन सरळ आत आली आणि माझं तोंड बघून थांबली.

"काय झालं गं?"

"सर्दी झालीया, आजी."

"आँ?"

"सर्दी!"

तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याजवळ बसली. मिश्रीनं काळं झालेलं बोट लुगड्याला पुसलं. मग म्हणाली, "बारशाला गेली न्हवं समदी? तुज्या लेकीचं नाव काय ठेवणार हुतीस?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. नाव मी ठरवलं होतं. तिला पाजताना मनातल्या मनात त्याच नावानं हाक मारायची. मी हळूच सांगितलं.

"काय? मोठ्यानं बोल की."

मी पुन्हा सांगितलं. नाक चोंदलेलं, त्यामुळं अक्षरं वेडीवाकडी निघाली. म्हातारीनं भलतंच काहीतरी म्हटलं. "आवं, तसं न्हाई आजी," म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. त्या घरात तेव्हा कुठं ते नाव एकदा नीट उच्चारलं गेलं. म्हातारीनं मान हलवली. "झ्याक हाय," म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. जाताना ताक न्यायचं विसरली. मी मागाहून नेऊन दिलं.

दिवस कलता कलता सगळी परतली. सासूबाईंनी घुगऱ्यांची पुरचुंडी सोडून माझ्यापुढं ठेवली आणि माझ्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं.

"सर्दी कमी न्हाई झाली व्हय?"

"न्हाई, आत्ती."

"ऱ्हाऊ दे चार दिस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्या सांगते समद्यास्नी." आणि भाकरी थापायला त्या स्वतःच बसल्या.

हे उन्हाळ्यात सुट्टीवर आले. पहिले काही दिवस मुलीचा विषय त्यांनी काढलाच नाही. एकदा मळ्यात जेवण घेऊन गेले, तेव्हा बांधावर बसल्या बसल्या म्हणाले, "म्या नाव ठरवलं हुतं तिचं. पलटनीत समद्यास्नी सांगून ठेवलं हुतं."

आणि त्यांनी ते नाव सांगितलं. माझ्यापेक्षा वेगळं होतं.

"चांगलं हाय," मी म्हणाले. माझं मी सांगितलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाटाच्या पाण्यात बराच वेळ हात धूत राहिले. मी भाकरी सोडली आणि त्यांच्यापुढं ठेवली.