ग्लॉक्सिनियाच्या सोयरिकी

एका झाडाच्या नादी चार माणसं लागली, की झाडं कमी आणि किस्से जास्त उगवतात! आमच्या नागपूरच्या ग्लॉक्सिनियावाल्यांचं तेच झालंय. कुंड्या बाल्कनीत मावत नाहीत आणि किस्से पोटात!

ग्लॉक्सिनिया म्हणजे घरात वाढणारं, कंदापासून येणारं झाड. पानांवर मांजरीच्या कानासारखी मऊ लव आणि वर भोंग्यासारखी मखमली फुलं. आम्ही ती नुसती वाढवत नाही, त्यांच्या सोयरिकी जुळवतो. एका फुलाचे पराग ब्रशनं उचलायचे, दुसऱ्याला लावायचे, आणि बी धरलं की घरभर नाचायचं!

* * *

हिवाळ्यात हे झाड पानं टाकतं आणि कंद झोपी जातो. असे झोपलेले कंद मी कागदी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले होते. सकाळी पाहतो तर आई विळीवर बसलेली.

"सुधीर, ही कोणती अरवी आणली गा? हिले चिकटपणाच नाही!"

मी झेपच घेतली. "आई, थांब! तो माझा जांभळा आहे!"

एकाचे दोन तुकडे झालेच होते. कापल्या जागी राख लावून मी दोन्ही लावून टाकले. दोन्ही फुटले! तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई त्या कुंड्या दाखवते. "हे मी केलं बरं का!"

* * *

आमच्यातले सीनियर म्हणजे देशकर काका. कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, राहतात खापरखेड्याला. तिथं हवेतून बारीक राख येते आणि पानांच्या लवेत जाऊन बसते. धुवायची सोय नाही, पाण्यानं पानावर डाग पडतात. म्हणून काका रोज सकाळी दाढीचा ब्रश घेऊन एकेक पान साफ करतात.

मी गेलो तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं, "यायची सोताची दाढी वाढून राहिली, आन् झाडाची रोज होते!"

* * *

सुनंदाताई उमरेडच्या. माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, आता ब्लाऊज शिवतात. एकदा फुलावर आलेली कुंडी आम्हाला दाखवायला त्या एसटीनं निघाल्या. ऊन लागू नये म्हणून कुंडी मांडीवर घेऊन वरून पदर!

कंडक्टरनं पाहिलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "हळू घे गा, बाईच्या मांडीवर लेकरू हाय!"

गाडी खड्डे चुकवत, अगदी अलगद चालली. ताईंनी पदर आणखी नीट ओढून घेतला! शेजारच्या म्हातारीला राहवेना. तिनं हळूच पदराखाली हात घातला, तो नेमका पानाला लागला.

"बाप्पा! केवढी लव वं याच्या अंगावर!"

* * *

मी एकदा पांढऱ्या फुलाला जांभळ्याचे पराग लावले. बी पेरलं, रोपं आली, आणि पहिलं फूल उमललं ते लालभडक! काकांचा फोन आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच बोलतो.

"हो काका, आई पांढरी! नाही, जांभळ्याचं नाही हे पोरगं! बाप दुसराच असेल! मी घरी नव्हतो ना, खिडकी उघडी राहिली, कोणीतरी येऊन गेलं असेल!"

मधमाशी म्हणायचं होतं मला. फोन ठेवला तर सगळी वेटिंग रूम माझ्याकडेच पाहत होती. कंपाउंडर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुम्ही आधी आत जा!"

* * *

आणि हा यंदाचा.

काकू केसांत रोज मोगरा माळतात. काकांच्या फुलांबद्दल त्यांचं एकच म्हणणं, "वास नाही, त्याले मी फूल म्हणत नाही." काकांनी ते मनाला लावून घेतलं. कुठून तरी किंचित वासाची एक जात मिळवली आणि तिच्या सोयरिकी लावत बसले. कित्येक वर्षं पेरलं, वाढवलं, हुंगलं, बाद केलं.

यंदा एक रोप कळीवर आलं. काकांचा फोन, "आत्ताच्या आत्ता या!"

सुनंदाताई आणि मी धावत पोचलो. फिक्या जांभळ्या रंगाचं एकुलतं एक फूल! "हात लावू नका," काका म्हणाले. "याचेच पराग पुढं घ्यायचे आहेत."

ताई वाकल्या. "भाऊ, इलायचीवानी वास येऊन राहिला!"

मी हुंगलं. मला काहीच कळेना.

"मले नका विचारू," काका म्हणाले. "सकाळपासून हुंगून हुंगून माझं नाकच गेलं!"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, कुंडीशी वाकल्या, दोनदा हुंगलं. मग खुट्‌! फूल तोडलं, अंबाड्यात खोचलं. "चहा थंडा होऊन राहिला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ताईंनी तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं ते एकच फूल!

काकांनी रिकाम्या देठाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि एकदम माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"माळलं गा सुधीर! माळलं तिनं!"